झाडीपट्टीच्या रात्री आणि जुना रेंजफाइंडर: कमी उजेडात फोकस जमावा म्हणून कॅमेरा कसा तयार करायचा

दिवाळी झाली की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. कुठे मंडई म्हणजे गावची जत्रा, कुठे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री दंडार हे इथलं लोकनाट्य नाहीतर तीन अंकी नाटक. पडदा उघडायला दहा-अकरा वाजतात आणि शेवटचा प्रवेश होईस्तोवर पहाट होत येते. या रात्री फिल्मवर टिपायच्या असतील तर जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यासारखा सोबती नाही. आत वरखाली होणारा आरसा नसतो, त्यामुळे धक्का नाही. पात्यांचं शटर असेल तर पुढच्या रांगेत बसलेल्या माणसालाही आवाज जात नाही. १/३० सेकंदाला हात बऱ्यापैकी स्थिर राहतो.

अडचण एकच येते, ती फोकसची. व्ह्यूफाइंडरमधला पिवळसर चौकोन दिवसा कसाबसा दिसतो आणि रात्री नाहीसाच होतो. मग लोक जास्त वेगवान, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी लेन्स शोधायला लागतात किंवा कॅमेरा कपाटात ठेवून देतात. माझं म्हणणं असं की यातलं बहुतेक काम दिवसाच्या उजेडात, घरच्या टेबलावर करायचं असतं. चौकोन स्वच्छ आणि ठळक झाला आणि तो जिथे दाखवतो तिथेच फोकस पडतो याची खात्री पटली, की रात्रीचं निम्मं काम झालंच. नवीन लेन्स त्यानंतर बघता येईल.

अडचण नेमकी कुठे आहे

रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून पाहतच नाही. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात. मोठीतून सरळ दृश्य दिसतं. छोटीतून शिरलेला उजेड आरशावर किंवा लोलकावर वळून आतल्या अर्धपारदर्शक आरशावर येतो आणि तिथून डोळ्यात, मधल्या पिवळसर चौकोनात दिसणारी दुसरी प्रतिमा बनून. लेन्सची रिंग फिरवली की ही दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की त्या अंतरावर फोकस लागला.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, लेन्स एफ/१.५ असो की एफ/३.५ (आकडा लहान तेवढी लेन्स जास्त उघडते), व्ह्यूफाइंडरचा उजेड तेवढाच राहतो. म्हणून महाग लेन्सने चौकोन उजळत नाही, उलट फोकसची चूक जास्त उघडी पडते. दुसरी, तो अर्धपारदर्शक आरसा पन्नास-साठ वर्षांचा असतो. त्यावरचा मुलामा विरलेला असतो, शेजारच्या काचांवर धुरकट थर चढलेला असतो. दुसरी प्रतिमा त्यामुळे फिकट होते आणि सरळ दृश्याच्या उजेडात बुडून जाते. रात्री उजेड कमी असतो हे खरंच, पण जास्त नुकसान या फिकटपणाने होतं.

थोडा हिशेब करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रेंजफाइंडरची अचूकता दोन खिडक्यांमधल्या अंतरावर आणि व्ह्यूफाइंडर दृश्य किती मोठं दाखवतो यावर ठरते. या दोहोंचा गुणाकार म्हणजे कामाचा पाया. लायका एम३ मध्ये तो सुमारे ६२ मिलिमीटर पडतो. रशियन फेड-२ च्या खिडक्यांत ६७ मिलिमीटर अंतर आहे, पण दृश्य लहान दिसतं, म्हणून पाया ५० च्या आसपास. झॉर्की-४ चं अंतर ३८ मिलिमीटर. तुमच्या कॅमेऱ्याचं काढायचं तर खिडक्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर पट्टीने मोजा. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून एका डोळ्याने व्ह्यूफाइंडरमधून आणि दुसऱ्याने थेट, दाराच्या चौकटीकडे बघा. व्ह्यूफाइंडरमधली चौकट खऱ्या चौकटीच्या किती पट दिसते त्याचा अंदाज येतो.

समजा पाया २५ मिलिमीटर आहे. चांगला डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन ओळखतो. या हिशेबाने ३ मीटरवर चूक सुमारे १० सेंटिमीटर येते. ४५ मिलिमीटर एफ/१.७ लेन्स पूर्ण उघडी असताना ३ मीटरवर तीक्ष्ण भाग एकूण ४५ सेंटिमीटर खोल असतो, म्हणजे पुढे-मागे साधारण २२-२२. दिवसा भरपूर जागा आहे. आता रात्री डोळ्याची धार तीन पट बोथट झाली असं धरा. चूक ३० सेंटिमीटरवर जाते आणि नायिकेऐवजी तिच्या मागचा पडदा तीक्ष्ण येतो. १.२ पट मोठं दाखवणारं भिंग लावलं तर चूक २६ पर्यंत खाली येते, तरी पुरत नाही. पण चौकोन ठळक झाल्याने डोळ्याची धार तीनऐवजी दोन पटच बोथट राहिली, आणि वर भिंगही आहे, तर चूक १७ वर येते. आता आपण हद्दीच्या आत आलो. म्हणून आधी ठळकपणा आणि मग भिंग, हा क्रम उलटा करू नका.

कोणता कॅमेरा हाताशी आहे

आपल्याकडे जुन्या बाजारात किंवा घरच्या पेटीत सहसा सापडतात ते स्थिर, म्हणजे न निघणाऱ्या लेन्सचे जपानी कॅमेरे: कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री, ४० मिलिमीटर एफ/१.७, याशिका इलेक्ट्रो ३५, ४५ मिलिमीटर एफ/१.७, मिनोल्टा हाय-मॅटिक ७एस, ४५ मिलिमीटर एफ/१.८. कधी एखादी झॉर्की किंवा फेड मिळते, ज्युपिटर-८ म्हणजे ५० मिलिमीटर एफ/२ लेन्ससह.

नाटकासाठी मी कॅनोनेट आधी निवडेन. बॅटरी नसली तरी तो हाताने पूर्ण चालतो. त्याचा उजेड मोजणारा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला आहे आणि ते सेल आता बनत नाहीत. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल रबराची रिंग घालून बसवता येतो आणि मोठ्या मेडिकल दुकानात मिळतो. याशिका इलेक्ट्रोची लेन्स सुंदर आहे, पण शटर पूर्णपणे विजेवर आहे. सेल संपला की तो एकाच, सर्वांत वेगवान गतीने चालतो आणि रात्री फिल्म कोरी येते. त्याला ६ व्होल्टचा सेल स्प्रिंगसह बसवून न्या आणि खिशात दुसरा ठेवा. पिवळा दिवा लागला की शटर १/३० पेक्षा हळू चालणार हे समजा. झॉर्की-४ असेल तर एक नियम पाळा: शटरगती नेहमी फिल्म पुढे ओढल्यानंतरच बदलायची, नाहीतर आतली यंत्रणा बिघडते.

आधी सफाई

मोबाईलचा टॉर्च आयपीसमागे, म्हणजे डोळा लावायच्या काचेमागे धरा आणि दोन्ही खिडक्यांतून पुढून आत बघा. धुरकटपणा, बुरशीचे धागे, धूळ, सगळं एका नजरेत दिसतं. दिवसा डोळा लावून बघताना यातलं काहीच जाणवत नाही.

वरचं झाकण काढावं लागेल. फिल्म गुंडाळायचा दांडा काढताना मागचं दार उघडून आतला काटा स्क्रूड्रायव्हरने अडवा आणि वरून दांडा उलटा फिरवा. मग फिल्म ओढायचा खटका, मग कडेचे छोटे स्क्रू. प्रत्येक स्क्रू काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घ्या आणि स्क्रू काढलेल्या क्रमाने बर्फाच्या ट्रेच्या खणांत ठेवा. जपानी कॅमेऱ्यांत झाकणाला बारीक तारा जोडलेल्या असतात, म्हणून झाकण झटक्यात उचलायचं नाही. कापसाच्या हंगामात आपल्या घरांत हवेतही तंतू उडत असतात. पंखा बंद करा, टेबलावर ओला पंचा अंथरा.

हात बसलेला नसेल तर तालुक्याच्या गावातल्या घड्याळजीकडे जा. त्यांच्याकडे बारीक स्क्रूड्रायव्हर असतात, डोळ्यावर चढवायचं भिंग असतं आणि मुख्य म्हणजे सवय असते. कॅमेरा त्यांनी पूर्वी उघडलेला नसला तरी "काकाजी, मला फक्त झाकण काढून द्या, आतलं मी पाहतो" एवढं म्हटलं की बहुतेक जण आनंदाने मदत करतात. त्यांच्यासमोर बसून काम करणं हेच मोठं शिक्षण आहे.

आता सर्वांत नाजूक भाग. खिडक्यांच्या बाहेरच्या-आतल्या काचा आणि आयपीस आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसा, मग कोरड्याने. अर्धपारदर्शक आरशाला मात्र हात लावायच्या आधी थांबा. त्याच्या एका बाजूला सोनेरी किंवा चंदेरी मुलामा असतो आणि कित्येक कॅमेऱ्यांत तो नुसत्या घासण्याने निघून येतो. आधी फक्त रबरी फुग्याने हवा मारा. तेवढ्याने भागलं नाही तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलेला बोळा त्याच्या स्वतःच्या वजनाने काचेवरून एकदा लोळवा. घासू नका, अल्कोहोल लावू नका. मुलाम्याचा रंग बोळ्यावर आला की त्याच क्षणी सोडून द्या. अर्धवट मुलामा असलेला आरसा पूर्ण उघड्या काचेपेक्षा पुष्कळ बरा.

मुलामा आधीच गेला असेल तर आरसा बदलावा लागतो. प्रकाश विभागणारी काच त्याच जाडीची घ्या आणि त्याच मापात कापून घ्या. काही जण गाडीच्या काचेला लावतात ती चंदेरी फिल्म चिकटवतात. त्याने चौकोन दिसतो, पण प्रतिमेच्या कडा मऊ पडतात, आणि आपल्याला रात्री नेमक्या त्या कडाच हव्या असतात. मी ती सुचवणार नाही.

काळा ठिपका

या लेखातला एकच उपाय करायचा असेल तर हा करा. खर्च जवळजवळ नाही आणि नको वाटला तर नखाने काढता येतो.

वायरमनची काळी चिकटपट्टी घ्या. त्यातून धारदार ब्लेडने साधारण २ मिलिमीटरचा चौकोनी तुकडा कापा. तो चिमट्याने मोठ्या खिडकीच्या बाहेरच्या काचेवर मध्यभागी ठेवा, अजून दाबू नका. डोळा लावा. पट्टीचा तुकडा तीक्ष्ण दिसत नाही, फक्त मध्यभागी मंद सावली पडल्यासारखं वाटतं. ती सावली पिवळ्या चौकोनावर आली पाहिजे. तुकडा केसभर इकडे-तिकडे सरकवत ती जागा शोधा. सापडली की सरळ दृश्य तेवढ्याच भागात मंद होतं आणि छोट्या खिडकीतून येणारी प्रतिमा एकदम वर उठून दिसते. मग तुकडा घट्ट दाबा.

प्रयोग संध्याकाळी करा, भर दुपारी नाही. एका दिव्याच्या उजेडात, घरातल्या माणसाच्या चेहऱ्यावर बघा. सरळ दृश्य चौकोनात अजिबात दिसेनासं झालं असेल तर तुकडा मोठा झाला, एक कड कापा. काहीच फरक पडला नाही तर अर्धा मिलिमीटर मोठा घ्या. दोन्ही प्रतिमा सारख्याच उजेडाच्या वाटल्या की माप बरोबर आलं.

दुसरा मार्ग रंगाचा. नाटकाच्या दिव्यांवर लावतात त्या जिलेटिन कागदाची निळी चकती कापून मोठ्या खिडकीवर लावली तर सरळ दृश्य निळसर होतं आणि चौकोनातली प्रतिमा मूळ रंगात राहते. पिवळ्या बल्बच्या उजेडात हा भेद फार स्पष्ट दिसतो. पण जिलेटिन सगळ्या दृश्याचा उजेड खातं. दिवसा किंवा उजळ खोलीत ठीक आहे. रात्रीच्या प्रयोगाला मी काळा ठिपकाच ठेवतो.

भिंग, रबर आणि चष्म्याचा नंबर

आधी डोळ्याचं बघू. जुन्या व्ह्यूफाइंडरची रचना अशी असते की आतली प्रतिमा सहसा एक-दोन मीटर दूर असल्यासारखी डोळ्याला वाटते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ती थोडी धूसर दिसू शकते आणि दोष कॅमेऱ्याला लागतो. चष्म्याच्या दुकानात जाऊन +०.५, +१, −०.५, −१ अशा ट्रायल काचा एकेक करून डोळा आणि आयपीस यांच्यामध्ये धरा. ज्या काचेने चौकोनाची कड कोरल्यासारखी दिसेल त्या नंबरची छोटी गोल काच आयपीसच्या मापात कापून घ्या. झॉर्की-४ आणि फेड-२ मध्ये यासाठी छोटा खटका दिलेला आहे, तो नुसता फिरवून बघा.

मग रबर. नाटकात रंगमंचाच्या बाजूचे दिवे थेट आपल्या तोंडावर येतात आणि आयपीसवर पडलेला तो उजेड चौकोन धुऊन टाकतो. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून दीड-दोन सेंटिमीटर रुंद पट्टा कापा, त्याची नळी करून आयपीसभोवती बसवा आणि दुहेरी चिकटपट्टीने धरा. खालच्या बाजूला कात्रीने छोटी खाच द्या, म्हणजे श्वासाची वाफ बाहेर निघेल. या रबराचा दुसरा फायदा मोठा आहे: डोळा दर वेळी एकाच जागी येतो. काळ्या ठिपक्याची सावली डोळा हलला की सरकते, म्हणून डोळा जागेवर राहणं फार महत्त्वाचं.

भिंग सर्वांत शेवटी. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी मिळणारी १.२ पट मोठं दाखवणारी आयपीस जुन्या कॅमेऱ्यावर बसवता येतात. मध्ये प्लॅस्टिकची कडी लागते, ती स्थानिक लेथवाल्याकडून करून घेता येते. १.२ ते १.३५ याच्यापुढे जाऊ नका, कारण भिंग वाढलं की फ्रेमच्या कडा दिसेनाशा होतात आणि उजेडही पसरून मंद वाटतो. ४० मिलिमीटरच्या कॅनोनेटवर चौकट पूर्ण दिसत नाही म्हणून मी भिंग टाळेन. ५० मिलिमीटरच्या लेन्सला ते चालतं.

जुळणी: टॉवरचा दिवा आणि प्रयोगशाळेतली काच

चौकोन ठळक झाला, पण तो खरं सांगतो का? हे तपासल्याशिवाय रात्री बाहेर पडू नका.

प्रथम लेन्स. कॅमेऱ्यात फिल्म नाही याची खात्री करून मागचं दार उघडा. फिल्म जिथून जाते तिथे चौकटीच्या वर-खाली दोन-दोन समांतर कडा असतात. फिल्म आतल्या कडांवर टेकते. शाळेच्या प्रयोगशाळेत वापरतात ती सूक्ष्मदर्शकाची काचेची स्लाइड २५ मिलिमीटर रुंद असते आणि फिल्मची चौकट २४ मिलिमीटर, म्हणून स्लाइड आतल्या कडांवर नेमकी बसते. स्लाइडच्या एका बाजूला दुधाळ चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा आणि ती बाजू लेन्सकडे करून स्लाइड टेकवा. शटर 'बी' वर (बटण दाबलेलं असेतो उघडं राहतं) ठेवा, बटणाच्या केबलने उघडं धरा, लेन्स पूर्ण उघडा. याशिकामध्ये हे बॅटरी घालूनच होईल. आता दुधाळ पट्टीवर उलटी प्रतिमा उमटते. ती सोनाराच्या भिंगाने बघा.

लेन्सची रिंग अनंतावर नेऊन दूरच्या मोबाईल टॉवरवरचा तांबडा दिवा बघा. आपल्याकडे सपाट रान असल्याने दोन-तीन किलोमीटरवरचा टॉवर शेताच्या धुऱ्यावरून सहज दिसतो. या कामाला एक किलोमीटरच्या पुढचं काहीही अनंतच. दिवा बारीक टिंबासारखा दिसला तर लेन्स ठीक. पसरट दिसला तर कुणीतरी पूर्वी लेन्स उघडून चुकीची बसवली आहे, ती आधी दुरुस्त करून घ्या. लेन्स चुकीची असताना रेंजफाइंडर जुळवत बसू नका.

मग कॅमेरा तिपाईवर ठेवून त्याच तांबड्या दिव्याकडे व्ह्यूफाइंडरमधून बघा. दोन टिंबं दिसली की जुळणी बिघडली आहे. डाव्या-उजव्या बाजूला सरकलेली असतील तर अंतराचा स्क्रू फिरवायचा, वर-खाली असतील तर उभ्या जुळणीचा. स्थिर लेन्सच्या जपानी कॅमेऱ्यांत हे दोन्ही झाकणाखाली असतात. झॉर्की-४ आणि फेड-२ मध्ये झाकण काढावं लागत नाही: पुढे छोट्या खिडकीशेजारी एक झाकणाचा स्क्रू असतो, तो काढला की आत अंतराचा स्क्रू दिसतो. छोट्या खिडकीची गोल काच कडी सोडवून फिरवली की प्रतिमा वर-खाली होते. ती थोडी आडवीही सरकते, म्हणून दोन्ही आळीपाळीने करावं लागतं. फिरवणं अगदी थोडं, एका फेऱ्याच्या आठव्या भागाएवढं, आणि प्रत्येक वेळी थांबून बघणं.

उभी जुळणी लोक सोडून देतात. करू नका. वर-खाली सरकलेल्या दोन प्रतिमा दिवसा डोळा सांभाळून घेतो, रात्री नाही.

अनंत जुळलं की जवळचं तपासा. १ मीटरवर आणि ३ मीटरवर एकेक पणती लावा. अंतर टेपने फिल्मच्या जागेपासून मोजा. चौकोनात ज्योत एकावर एक आणा, मग दुधाळ काचेवर भिंगाने बघा. ज्योतीच्या कडा तीक्ष्ण असतील तर काम झालं. अनंत बरोबर आणि १ मीटर चुकीचं असा प्रकार निघाला तर आतला लेन्सला टेकणारा दांडा जुळवावा लागतो. ते जाणकाराचं काम आहे. तोपर्यंत ३ मीटरला नेमकं बसेल अशी जुळणी ठेवा, कारण नाटकात आपण बहुधा तेवढ्याच अंतराच्या आसपास असतो. एक इशारा ज्युपिटर लेन्सवाल्यांसाठी: या लेन्स रशियन कॅमेऱ्यांच्या मापाने बनल्या आहेत. जपानी किंवा जर्मन स्क्रू-माउंट (आट्यांनी लेन्स बसणाऱ्या) कॅमेऱ्यावर त्या पूर्ण उघड्या असताना जवळच्या अंतरावर सहसा चुकतात. ज्या कॅमेऱ्यावर वापरायची त्याच कॅमेऱ्यावर तपासा.

सगळं जमलं की स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक थेंब टाका आणि वाळू द्या.

बोटांना कळणारा फोकस

प्रवेश बदलताना काळोख होतो तेव्हा कोणताही चौकोन कामाचा नाही. तेव्हा बोटांनी फोकस करायचा. फोकस रिंगवर ३ मीटरच्या जागी एम-सीलचा मुगाएवढा उंचवटा लावा आणि ५ मीटरच्या जागी दोन छोटे. लावायच्या आधी रिंग स्पिरिटने पुसा, रात्रभर सुकू द्या. अंधारात डाव्या हाताचा अंगठा उंचवट्यावर गेला की अंतर कळतं. बैलगाडीच्या मागे लावतात ती रेडियमची पट्टी काही जण सुचवतात, पण ती फक्त तिच्यावर टॉर्च पडला की चमकते. अंधारात तिचा उपयोग नाही.

लेन्सवरच्या अंतराच्या खुणा खऱ्या आहेत का हे दुधाळ काचेने आधीच तपासून घ्या आणि उंचवटे खुणेवर नव्हे, प्रत्यक्ष मोजलेल्या जागेवर लावा.

नाटकाच्या रात्री

प्रयोगाच्या तासभर आधी मंडपात पोहोचा. बसायची जागा ठरवा आणि तिथून रंगमंचाच्या पुढच्या कडेपर्यंत, मधल्या माईकपर्यंत आणि मागच्या पडद्यापर्यंत अंतर मोजा. सुतळीला मीटर-मीटरवर गाठी मारलेल्या असल्या की पुरतं. कंत्राटदारांकडे असतो तो लेझर मीटर मिळाला तर आणखी छान, पण तो रिकाम्या रंगमंचावरच वापरा, कलाकारांच्या दिशेने कधीच नाही.

प्रकाशयोजना करणाऱ्याशी बोला. "भाऊ, पडदा लावायच्या आधी दोन मिनिटं फुल लाईट द्याल का?" एवढं विचारलं की उत्तर साधारण एकच येतं, "देतो ना जी, पण घंटी व्हायच्या आत आटपा." त्या दोन मिनिटांत मोबाईलवरच्या मीटरने माईकच्या जागेवरचा उजेड मोजा आणि चौकोन माईकच्या दांडीवर जुळवून अंगठ्याची जागा पक्की करा. ४०० आयएसओच्या फिल्मवर एफ/२ ला १/३० मिळालं तरी काम भागतं. रंगमंच उजळ असेल तर १/६०. त्याहून वेगात जाऊ नका. एलईडी आणि ट्यूब विजेसोबत सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, त्यामुळे १/१२५ ला एक फ्रेम उजळ आणि दुसरी गडद येऊ शकते.

प्रयोग सुरू झाल्यावर चौकोन कुठे ठेवायचा हे सर्वांत मोठं कौशल्य. दुसरी प्रतिमा आडवी सरकते, म्हणून उभी कड लागते. गालाचा गुळगुळीत भाग, साडीचा पसारा, कपाळ यांवर काही जुळत नाही. नथीचा मोती, कानातला डूल, डोळ्यात पडलेलं दिव्याचं टिंब, पांढऱ्या टोपीची कड, माईकची दांडी, मंडपाचा बांबू, यांवर लगेच जुळतं. चमकणारं टिंब सर्वांत सोपं: दोन टिंबांचं एक झालं की संपलं. फक्त आडव्याच रेघा असतील, जसं रंगमंचाची कड किंवा काठाची पट्टी, तर कॅमेरा क्षणभर उभा धरा, जुळवा आणि पुन्हा आडवा करा.

रिंग नेहमी एकाच दिशेने फिरवत जुळणीवर या, अनंताकडून जवळ. पुढे-मागे करत राहिलं की जुन्या यंत्रणेतली ढिलाई फोकसमध्ये उतरते. शंका वाटली तर डाव्या हाताचं बोट छोट्या खिडकीवर टेकवून काढा. दुसरी प्रतिमा विझते आणि पुन्हा पेटते. ती सरकलेली असेल तर कड उडी मारल्यासारखी दिसते आणि डोळा ती उडी फार चटकन पकडतो. नुसतं टक लावून बघण्यापेक्षा अंधारात हे कितीतरी भरवशाचं आहे. बाकी वेळ मात्र ते बोट आणि लेन्सचं हूड त्या खिडकीच्या आड येत नाही ना, हे बघत राहा.

नट पुढे-मागे चालतो तेव्हा त्याच्यामागे रिंग फिरवत धावू नका. तो माईकजवळ येऊन संवाद घेणार हे ठरलेलं असतं. तिथे फोकस लावून थांबा. खलनायक हसायच्या आधी आणि नायिका रडायच्या आधी एक क्षण स्थिर होतात, तो क्षण पहिल्या अंकात ओळखून ठेवला की दुसऱ्या अंकात फोटो मिळतात.

हाताच्या स्थिरतेसाठी कॅमेऱ्याच्या तळाला तिपाईचा बोल्ट लावून त्याला सुतळी बांधा, दुसरं टोक पायाखाली दाबा आणि वर ताण द्या. बांबूला खांदा टेकायला मिळाला तर सुतळीचीही गरज नाही.

पौष-माघातल्या थंडीत दव पडतं. गार झालेल्या आयपीसवर श्वास लागला की काच लगेच धुरकटते आणि सगळी मेहनत तिथेच अडते. दोन फोटोंच्या मधल्या वेळात कॅमेरा शालीच्या किंवा स्वेटरच्या आत ठेवा, काच किंचित उबदार राहिली की वाफ धरत नाही. श्वास खालच्या बाजूला सोडा. घरी परतल्यावर कॅमेरा लगेच ओलसर पिशवीत कोंडू नका.

उन्हाळ्यात हाच कॅमेरा गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन शटरच्या पात्यांवर उतरतं आणि पाती चिकटतात. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि जेल अधूनमधून गरम करून वाळवा, म्हणजे बुरशी पुन्हा चौकोनावर चढणार नाही.

फिल्म धुतल्यावर

पहिल्या रोलच्या वेळी प्रत्येक फोटोचं अंतर आणि चौकोन कशावर ठेवला होता ते वहीत लिहा. निगेटिव्ह धुऊन आल्यावर भिंगाखाली बघताना फक्त तीक्ष्ण-अतीक्ष्ण एवढं पाहू नका. तीक्ष्ण भाग कुठे पडला ते शोधा. माईकवर जुळवलं असताना दर वेळी मागचा पडदाच तीक्ष्ण येत असेल तर फोकस मागे पडतो आहे: पुन्हा पणती आणि स्लाइड काढा, अंतराचा स्क्रू एका फेऱ्याच्या आठव्या भागाएवढा हलवा. कधी पुढे, कधी मागे असं येत असेल तर जुळणीला हात लावू नका, दोष हाताचा किंवा निवडलेल्या कडेचा आहे. आणि सगळंच किंचित मऊ, पण दिव्यांची टिंबं एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसत असतील, तर फोकस बरोबर होता आणि हात हलला होता. त्यावर उपाय सुतळी आणि बांबू.